बाबा काजीत गेल्यात

गोव्यातल्या लाटंबार्सेहून मी निघाले तेव्हा मला निरोप द्यायला बाबा स्टॉपवर आले नव्हते.

सकाळची पहिली बस. दादाने माझी बॅग टपावर चढवली, आईने भाजलेल्या काजूबियांची आणि आमसुलांची पुरचुंडी हातात कोंबली. एप्रिलचे दिवस होते. लग्न होऊन तीन महिने झाले होते, सुहास आधीच मस्कतला गेले होते आणि आता माझी पाळी होती. जाणाऱ्याच्या वाटेत डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, असा आमच्याकडचा दंडक. त्यामुळे आईचा चेहरा पापड वाळत घालताना असतो तसा, कामात गढलेला. मी विचारलं, "बाबा खंय?"

"बाबा काजीत गेल्यात," ती म्हणाली. "तू वच बाये. फाटी पळय नाका."

मागे पाहायचं नाही म्हटल्यावर मी पाहिलं नाही. बस डिचोलीच्या रस्त्याला लागेपर्यंत मान ताठ ठेवून बसले, आणि त्या ताठ मानेचं मला तेव्हा कौतुकही वाटलं. वेडी कुठली!

काजीत जाणं म्हणजे काय, ते आमच्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. घरामागच्या डोंगरात आमची काजूची बाग होती. हंगामात बाबा उजाडताच टोपली आणि कोयता घेऊन वर जात, पडलेले बोंडू गोळा करत, बिया पिळून वेगळ्या करत. मार्चपासून मे संपेपर्यंत त्यांच्या सदऱ्याला तो आंबूस-गोड वास असायचा. पण आमच्या घरात काजीचा आणखी एक उपयोग होता. ज्याला रडायचं असेल, रागवायचं असेल, तो तिकडे जाई. आजोबा वारले तेव्हा बाबा सगळे विधी उरकून काजीत गेले. दादा एसएससीला नापास झाला तेव्हा गेले. माझं लग्न मस्कतच्या मुलाशी ठरलं त्या दिवशी भर दुपारी गेले आणि तिन्हीसांजेला रिकामी टोपली घेऊन परत आले. कोणी काही विचारलं नाही. फक्त जेवताना ते अंगठ्याने छाती दाबत होते. "जळजळता," म्हणाले. आईने सोडा घालून लिंबू दिलं. आमच्या घरात छातीतल्या प्रत्येक दुखण्याला गॅस हे एकच नाव होतं.

मस्कतला मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. डिचोलीत लॅबचंच काम करत होते, त्यामुळे काम अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते बाकीचं. सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा भोंगा ऐकू यायचा नाही. पावाऐवजी खुबूस, विहिरीऐवजी बाटलीतलं पाणी, जनेल उघडावं तर बाहेर भट्टीसारखी हवा. दिवसभर एसीचा घूंऽऽ आवाज. पण माणूस सगळ्याला सरावतं. ड्युटी, रेसिडेंट कार्ड, ओव्हरटाइम हे शब्द जिभेवर बसले, आणि आठवडा शुक्रवारपाशी येऊन थांबायला लागला. कारण शुक्रवारी सुट्टी, आणि शुक्रवारी फोन.

घरी फोन नव्हता. गावातल्या शाबूभाऊंच्या दुकानात होता. मी ठरलेल्या वेळी लावायचा, आई आधीच येऊन दुकानातल्या कदेलीवर बसलेली असायची. ती खुर्ची शाबूभाऊंनी जणू तिच्यासाठीच ठेवली होती. आईचा पहिला प्रश्न कायम एकच.

"जेवलंस मां गे?"

मी जेवले म्हणायचे. मग ती पाऊस, गाय, दादाची नोकरी असं सगळं एका दमात सांगायची. बाबा फोनला फारसे येत नसत. यंत्रात बोलायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मी विचारायचे, बाबा कुठे? हंगामात असले तर काजीत, पावसात असले तर शेतात, गणपतीच्या आधी असले तर मूर्तीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं गोळा करायला रानात. आईची उत्तरं पंचांगासारखी ऋतूप्रमाणे बदलायची. मला त्या उत्तरांवरून गावातला महिना कळायचा.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सहावा महिना संपत आला होता, मे अर्धा झाला होता. एका शुक्रवारी फोन दादाने उचलला.

"आई मामाकडे गेलीय," तो म्हणाला. "सगळे बरे आहेत. तू काळजी घे." आणि ठेवून दिला. दादा एरवी फोन सोडता सोडत नाही. मला चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं, असेल घाईत.

पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी आई आली. आवाज बसलेला होता. सर्दी झाली म्हणाली.

"बाबा खंय?"

"बाबा काजीत गेल्यात. जेवलंस मां गे?"

जून लागला. बाबा काजीत. बरं, आमच्या वरच्या बागेत चार झाडं उशिरा धरणारी होती, चालायचं. जून संपला. बाबा काजीत. जुलैमध्ये तिकडे धो धो पाऊस कोसळत असणार, काजीच्या डोंगरात गुडघाभर गवत आणि जळवा याखेरीज काही नसणार, आणि आई फोनवर म्हणत होती की बाबा काजीत गेल्यात. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मी लाटंबार्सेची मुलगी. काजूचा हंगाम कधी संपतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एक प्रश्न पुढे विचारायचा होता फक्त. आई, जुलैत काजीत काय आहे? तो मी विचारला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला फसवलं असं मी नंतर घरभर ओरडले, पण खरं सांगायचं तर फसवून घ्यायला मीही पदर पसरून बसले होते.

मन गप्प बसलं, शरीर काही गप्प बसेना. सकाळी उठले की जबडा दुखायचा, कानापर्यंत कळ जायची. सुहास म्हणाले, "तू झोपेत दात खातेस." मी म्हटलं, "आणि तुम्हाला काय झालंय?" कारण त्यांच्या पोटात कायम आग पडलेली असायची. उशीखाली गोळ्यांची पट्टी. तिखट बंद, चहा बंद. मी लॅबवाली, मी दोघांचं रक्त तपासून घेतलं. हे ठीक, ते ठीक, सगळे आकडे आपापल्या जागी. ते रिपोर्ट बघून माझं समाधान झालं, याची आज मला लाज वाटते.

ऑगस्टमध्ये पल्लवी झाली. मुलगी ठणठणीत, पण मला दूध येईना. चार थेंब यायचे आणि ती चिडून रडायची. वॉर्डात केरळची एक वयस्क नर्स होती. तिने माझी पाठ चोळता चोळता विचारलं, "कसली भीती घेऊन बसली आहेस?" मी म्हटलं, कसली नाही. चतुर्थीला आईने फोनवर सांगितलं की नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, केल्या, बऱ्या झाल्या. तिचा आवाज आता इतका घोगरा झाला होता की मला दोनदा विचारावं लागलं.

चाळीस दिवस झाल्यावर एका संध्याकाळी सुहास माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसले. खुर्ची असून जमिनीवर बसले, तेव्हाच मला कळलं.

बाबा मे महिन्यातच गेले होते. छातीत कळ येऊन. दादाने दुसऱ्याच दिवशी सुहासना ऑफिसात फोन करून सांगितलं होतं आणि शपथ घातली होती. पोटुशी बाई, परक्या मुलखात, धक्का बसला तर पोटातल्या जीवाला बाधेल, आणि बाळंतपणानंतर सांगावं तर दूध आटेल. घरात सगळ्यांनी बसून तसं ठरवलं होतं. साडेचार महिने हा माणूस ते पोटात घेऊन माझ्या शेजारी झोपत होता. त्याच्या पोटात आग पडेल नाही तर काय होईल?

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मग रडले. बसमध्ये न रडलेलं, फोनवर न रडलेलं, सगळं. तासाभराने ब्लाऊज ओला लागला म्हणून पाहिलं, तर ते दूध होतं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, एका अनुभवावरून नियम काढू नये हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसापासून पल्लवीला दुसरं दूध द्यावं लागलं नाही, हे माझ्या अंगावर घडलेलं आहे.

मागोमाग दादाचं पत्र आलं, पण शुक्रवारचे फोन मी रागाने बंद केले, आणि रजा आणि बाळाचे कागद जमायला डिसेंबर उजाडला. घरी पोचले तेव्हा आई भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उंबऱ्यावर उभी होती. तिचं मोकळं कपाळ मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फोनवर कपाळ दिसत नाही. तिने बाळावरून तुकडा ओवाळून टाकला, म्हणाली, "जेवलंस मां गे?" आणि आत गेली. ती निम्मी झाली होती. चोळीची बाही दंडावर लोंबत होती.

दादाने मला मागच्या दारी नेऊन सांगितलं. आईच्या गळ्याखाली भात उतरत नाही. दोन महिने झाले, नुसती पेज पिते. घशात काजूची बी अडकल्यासारखं वाटतं म्हणते. डिचोलीच्या डॉक्टरांनी पणजीला पाठवलं, तिथे नळी घालून पाहिलं. घसा स्वच्छ. गाठ नाही, सूज नाही.

"डॉक्टर म्हणतात मनाचं आहे," दादा म्हणाला. ते त्याने अशा आवाजात सांगितलं की जणू आईची चोरी पकडली गेली होती. आमच्याकडे मनाचं आहे म्हटलं की लोकांना ते नाटक वाटतं. आईलाही तो शब्द लागला होता. त्यानंतर तिने डॉक्टरकडे जायचं नावच टाकलं.

गावाचं म्हणणं वेगळंच होतं. नवरा गेलेली बाई काही महिने घराबाहेर पडत नाही, ही रीत. आई तेराव्या दिवसानंतर दर शुक्रवारी पदर घेऊन, भर पावसात छत्री धरून शाबूभाऊंच्या दुकानात गेली. रीत मोडली, त्याचाच हा दोष. मी दुकानात गेले तेव्हा शाबूभाऊंनी मला त्याच कदेलीवर बसवलं. म्हणाले, "बाये, फोन वाजलो की आम्ही वजन करूंक सोडून उबे रावताले. कोणी खोकूय नासलो." म्हणजे आई खोटं बोलत असताना अख्खं दुकान, हातात मिठाच्या पुड्या धरून, श्वास रोखून उभं असायचं. मग फोन ठेवून ती परत चालू लागायची. दुकानात कधीच रडली नाही म्हणे. घरी तरी कुठे रडली होती? घरी पै-पाहुणे, दादाची लहान पोरं, आणि पुढचा शुक्रवार. आवाज सांभाळायचा होता ना.

मी मात्र रागातच होते. तीन दिवस बाबांचा विषय मी काढला नाही आणि तिनेही नाही. बाबांचा कोप, त्यांचा चहाचा पेला, खिडकीत पालथा घातलेला होता, त्याच्याभोवती आम्ही दोघी वावरत होतो. शिक्षा करत होते मी तिला. नव्याने आई झालेल्या बाईला आपली आई दिसू नये, याला काय म्हणावं!

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच जेवायला बसलो. दादा कामावर, वहिनी पोरांना आणायला शाळेत गेलेली. पल्लवी माझ्या मांडीवर. माझ्यासाठी म्हणून आईने आपल्याही ताटात उकड्या तांदळाचा भात वाढून घेतला होता. ती एक घास घेऊन चावत राहिली, चावत राहिली. मग मी बाळाकडे पाहते आहे असं बघून तिने तो हळूच हातात काढला आणि ताटाखाली सरकवला. मी पाहिलं. माझ्यापासून लपवायचं. अजूनही, मी समोर बसलेली असताना.

माझा राग तिथल्या तिथे गळाला. ही बाई साडेचार महिने माझ्यासाठी हेच करत होती. तोंडात आलेलं गिळता येईना आणि बाहेर काढता येईना. मला बातमी सुहासनी सांगितली. दादाने पत्रातून सांगितली. जी बातमी माझ्याइतकीच आईचीही होती, ती आईने स्वतः मला कधी सांगितलीच नव्हती.

मी हात धुतला नाही. बसल्या जागी, फोनवर विचारायचे तसंच विचारलं.

"आई, बाबा खंय?"

ती दचकली. "बाबा का..." सवयीने शब्द आलाच होता, तो तिथेच अडकला. माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. 

"मेले गे," आई म्हणाली. "तुजे बाबा मेले गे बाये."

आणि मग तिने जो टाहो फोडला तो शेजारच्या घरापर्यंत गेला. मी तिला धरलं. ती रडत होती आणि बोलत होती, आणि त्या बोलण्यातून मला ते कळलं जे कोणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं बाबा घरीच वारले असतील, बिछान्यावर. नाही.

"मी फट मारूंक ना," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी खोटं बोलले नाही. "सकाळी पेज जेवले, टोपली घेतली, काजीत गेले. तितलेंच म्हाका खबर. मागीर चौघांनी उचलून हाडले ते... तुका फोनार कितें सांगू? फट मारूंक येना म्हाका. काजीत गेल्यात म्हणून सांगले. ते खरें आसलें."

खरंच होतं ते. दर शुक्रवारी ती मला बाबांबद्दलचं तिला माहीत असलेलं शेवटचं खरं वाक्य सांगत होती. मे महिन्यातल्या त्या सकाळच्या पुढे तिचं पाऊलच पडलं नव्हतं. म्हणून जुलैतही तिच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तिला हंगाम कळत नव्हता असं नाही. आणि मी तिकडे ओट्याला धरून हिशेब करत होते की काजू कधी संपतात.

शेजारच्या बायका धावत आल्या, त्याही रडायला बसल्या. मे महिन्यापासून अडून राहिलेलं दुःख सात महिन्यांनी घरात आलं. संध्याकाळी आई थकून भिंतीला टेकली आणि वहिनीला म्हणाली, थोडा भात असला तर दे. दोन घास गेले. ती काही दुसऱ्या दिवशी टुणटुणीत झाली नाही. महिनाभर लागला, मी परत गेले तेव्हाही ती सावकाशच जेवत होती. पण घशातल्या बीचं नाव तिने परत कधी काढलं नाही. आवाज मात्र कायमचा थोडा घोगरा राहिला.

निघताना ती स्टॉपवर आली आणि सगळ्यांदेखत मोठ्याने रडली. मीही रडले. कोणीतरी म्हणालं, वाटेत पाणी काढू नये. आई म्हणाली, "काढूं दी."

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती बातमी मला त्याच तासाला मिळाली, दादाने स्वतः दिली. आम्ही मस्कत सोडून पुण्याला स्थायिक झालो. आता जवळच मोप्याच्या सड्यावर नवा विमानतळ झालाय, तिथून दुपारच्या जेवणाला घरी पोचता येतं. जिथून मस्कतला पोचायला मला पूर्वी दोन दिवस लागले तिथे जायला आता इतकं सोपं झालं आहे, आणि तिथे वाट बघणारं दादाखेरीज कोणी उरलं नाही. पल्लवी परदेशात आहे, तिकडे शिकते आहे.

हे सगळं आज लिहायला कारण झालं. गेल्या महिन्यात सुहासना हॉस्पिटलात न्यावं लागलं. छातीत जळजळ म्हणत होते. मी गॅस हा शब्द ऐकूनही घेतला नाही, तसंच त्यांना गाडीत घातलं. वेळेवर गेलो. मी बाहेर बाकावर बसले होते, आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि फोन वाजला. पल्लवी. तिची परीक्षा दोन दिवसांवर होती.

"आई, पप्पा कुठेत? फोन उचलत नाहीत."

शपथेवर सांगते, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. भाजी आणायला गेलेत. किती सोपं! परीक्षा होऊ दे, मग सांगू. पोरगी एकटी आहे, तिला धक्का बसेल. जे जे दादा म्हणाला होता ते सगळं माझ्या डोक्यात ओळीने उभं राहिलं, आणि जबड्यात ती जुनी कळ आली, कानापर्यंत.

मी सांगितलं. पप्पा हॉस्पिटलात आहेत, हार्टचा त्रास झालाय, आत नेलंय, पुढे काय ते मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटतेय.

तिने हॉस्पिटलचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग ती रडली. मीही बाकावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडले. पप्पा आता घरी आहेत, बरे आहेत, तिखट मागतात. तिची परीक्षा बरी गेली नाही, पुन्हा द्यावी लागेल, देईल.

तुम्ही जे गेलात आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुमच्यापैकी कितीजण रोज फोनवर एकमेकांना सगळं बरं आहे म्हणून सांगत असाल. मला आता घर म्हणजे लाटंबार्से की मस्कत की पुणे, हे विचारू नका. मी विचारल्यावर जिथून खरं उत्तर येतं आणि मला विचारल्यावर जिथे ते देता येतं, तेवढंच मी घर मानते. ते त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर होतं.

रडणं थांबल्यावर पल्लवीने नाक ओढलं. लाटंबार्सेची भाषा तिला येत नाही, आजीचा आवाज तिला जेमतेम आठवतो. तरी फोन ठेवायच्या आधी तिने विचारलं,

"आई, तू जेवलीस का गं?"